भराव टाकून ग्रामीण जमिनीचे सपाटीकरण : नियोजनविषयक वाद

शेतजमिनीवर किंवा कुरणावर बाहेरून आणलेली माती, मुरूम, दगड वा बांधकामाचा राडारोडा पसरून खळगे बुजवणे, उतार सौम्य करणे किंवा पातळी उंचावणे यास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते काय, यावरून उद्भवणारे वाद. जागेवरचीच माती इकडची तिकडे सारून केलेले सपाटीकरण दिसायला याहून वेगळे नसते. कायद्याच्या नजरेत मात्र फरक मोठा आहे.

वादाचे मूळ ‘विकास’ या संज्ञेच्या व्याख्येत आहे. इंग्लंडमधील १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमाने विकासाचे दोन भाग कल्पिले : बांधकाम, अभियांत्रिकी, खाणकाम वा इतर स्वरूपाची ‘कामे’ हा एक आणि भूवापरातील सारभूत बदल हा दुसरा. १९९० च्या अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये ही रचना टिकून आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ यातील कलम २(७) वरही तिची छाया स्पष्ट दिसते. तेथे जमीन भरून काढण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

भराव या दोहोंपैकी कशात मोडतो, हा प्रश्न मात्र व्याख्येने सोडवला नाही. बिल्बो खटल्यात (१९८०) इंग्लंडच्या अपील न्यायालयाने टाकाऊ साहित्य टाकत राहणे हा भूवापरातील बदल मानला. उलट फेअरवुड फिश फार्म्स खटल्यात (१९८४) अभियंते सामान्यतः करतात किंवा ज्याला त्यांचे कौशल्य लागते ते अभियांत्रिकी काम, अशी कसोटी सांगितली गेली. प्रत्यक्ष अभियंता जागेवर असावाच असे नाही. ठरवलेल्या पातळीपर्यंत, थर दाबत, उतार राखून केलेला भराव या कसोटीत सहज बसतो. त्यामुळे हेतू जमिनीला आकार देण्याचा असेल तर ‘काम’ आणि साहित्याची विल्हेवाट लावण्याचा असेल तर ‘वापर’, अशी विभागणी करणारे मत अधिक ग्राह्य वाटते. एकाच शेतात दोन्ही घडू शकतात, हेही खरे. टाकाऊ साहित्याच्या ढिगाचे क्षेत्र वाढले, किंवा वाढलेली उंची लगतच्या जमिनीच्या पातळीच्या वर गेली, तर तो भूवापरातील बदल समजावा, असे कलम ५५(३)(ब) सांगते.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हता. अनधिकृत कामाविरुद्ध कारवाईची मुदत ४ वर्षे, तर वापरातील बदलाविरुद्ध १० वर्षे होती. साहजिकच जमीनमालक ‘काम’ म्हणत आणि प्राधिकरण ‘वापर’. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये, संक्रमणकालीन अपवाद वगळता, दोन्हींना १० वर्षेच लागू झाल्याने या युक्तिवादाची धार बोथट झाली आहे.

शेतीला मिळणारी सूट हे दुसरे रणक्षेत्र. इंग्लंडमध्ये ५ हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या शेतघटकात शेतीसाठी वाजवीपणे आवश्यक असे खोदकाम व अभियांत्रिकी काम ठरावीक अटींवर पूर्ण अर्जाविना करता येते. परंतु बाहेरून टाकाऊ साहित्य आणून टाकण्यास या सवलतीत मनाई आहे. इमारतीच्या कामासाठी वा पक्क्या पृष्ठभागासाठी आणलेले आणि लगेच त्यात वापरलेले साहित्य एवढाच अपवाद. आयर्लंडच्या नियमांतील अनुच्छेद ८क ‘शेतघटकाच्या आत’ मातीने खळगे भरून जमिनीचा उंचसखलपणा बदलण्यास सूट देतो. पाणथळ जागा व टाकाऊ साहित्य मात्र वगळतो. ‘आत’ हा शब्द फक्त कामाला लागू की मातीच्या उगमालाही, याविषयी मतभेद आहेत.

म्हणजे वाद उंचीचा दिसला तरी निर्णय मातीच्या उगमावर व प्रयोजनावर फिरतो : शेतासाठी माती आणली, की मातीसाठी शेत शोधले? ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९९६ पासून कचराभूमी-कर (कचराभूमीत पुरलेल्या साहित्यावरचा कर) सुरू झाला, त्यानंतर खोदाईची माती शेते, बांध व गोल्फ मैदानांकडे वळली, असे अनेक जण मानतात. युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये, कचरा जाळून उरलेली राख जुन्या मिठाच्या खाणीत भरण्याच्या प्रकरणात, भराव म्हणजे विल्हेवाट की उपयुक्त वापर हे ठरवताना, ते साहित्य दुसऱ्या साहित्याची जागा घेऊन उपयोगी पडते काय, ही मुख्य कसोटी मानली. याच प्रश्नावरील इंग्लंडच्या २०१५ च्या टारमॅक खटल्यात खाण पुन्हा भरण्याचे बंधन आधीपासूनच होते, हे निर्णायक ठरले. युरोपच्या २००८ च्या निर्देशानुसार, खोदलेली स्वच्छ माती नैसर्गिक स्वरूपात त्याच जागी बांधकामासाठी वापरली जाणार हे निश्चित असेल, तर ती कचऱ्याविषयीच्या या निर्देशाच्या कक्षेबाहेर राहते. भारतात रस्ते, बंधारे, लोहमार्ग व इमारती यांच्या भरावासाठी वा सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने गौण खनिज ठरली. शेताचे सपाटीकरण या शब्दांत येत नाही. पाया खोदताना निघालेली माती, केवळ ती खोदली म्हणून, अधिसूचनेच्या कक्षेत येत नाही. तिचा वापर तपासावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात म्हटले.

प्रमाणाची कल्पना साध्या हिशेबाने येते. १ हेक्टर जमीन १ मीटरने उंचावण्यास १०,००० घनमीटर, म्हणजे घनमीटरला सुमारे १.७ टन धरल्यास १७,००० टन भराव लागतो. २० टनी वाहनाच्या या ८५० खेपा झाल्या आणि तितक्याच परतीच्या. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुधा रस्त्यावरच्या चिखलापासून सुरू होतात. पूरक्षेत्रातील पाणी दुसऱ्याच्या शेतात ढकलले जाणे, झाडांची मुळे गाडली जाणे, सुपीक थर आधी न काढल्याने खाली दबणे हे नंतर लक्षात येते. भरावातील जिप्सम प्राणवायूविरहित ओलाव्यात कुजक्या अंड्यांसारखा वास असलेला वायू तयार करू शकते.

मूळ पातळी सिद्ध करणे हा पुराव्याचा कळीचा मुद्दा. जुनी मोजणी, हवाई छायाचित्रे, लेझर-किरणांनी विमानातून केलेले सर्वेक्षण आणि जागेवरचे चाचणी-खड्डे यांची सांगड घालावी लागते. भराव अनधिकृत ठरला तरी तो उचलायचा म्हणजे तितक्याच खेपा पुन्हा; म्हणून काही वेळा नोटिशीत पूर्ण काढण्याऐवजी उतार दुरुस्त करून वर सुपीक माती पसरण्याचा आणि गवत पेरण्याचा आदेश दिला जातो.