ट्रेलरचं तोंड वर ठेवलं की गाडीवर लोड येत नाही?

गोव्यात मालीमच्या जेटीवर होडी ट्रेलरवर चढवली की कोणीतरी हमखास सांगतोच, हिचचा बॉल (गाडीमागे ट्रेलर अडकवायचा गोळा) उंच लाव रे, तोंड वर राहिलं की गाडी मागून बसत नाही. पण तिथेच तर घोळ आहे हो! तोंड वर गेलं की वजन थोडं मागे सरकतं, बॉलवरचा दाब कमी होतो आणि स्पीडला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, अनमोड घाटाच्या उतारावर तर विचारूच नका. ट्रेलर सपाट जागेवर लेव्हलमध्ये उभा करून कपलरची (ट्रेलरच्या तोंडाचा बॉलवर बसणारा भाग) उंची मोजा, आणि सामान भरल्यावर गाडी जेवढी खाली बसते ते धरून बॉल त्याच उंचीवर आणा. तोंड जरासं खाली चालतं, वर नको. ट्रेलरच्या एकूण वजनातलं साधारण १० टक्के बॉलवर यायलाच हवं, अर्थात गाडीच्या मॅन्युअलमधली लिमिट बघून.