बालखेळ आणि पालकप्रबोधन

सहा-सात वर्षांखालील मुले खेळता खेळता काय शिकतात, हे पालकांच्या लक्षात आणून देण्याचे काम. ते मुख्यतः बालवाडीशिक्षक, बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक करतात. गिरवलेले पान वहीत राहते, रचलेला मनोरा मात्र मोडून ठोकळे टोपलीत जातात. त्यामुळे ‘आज काय केलं?’ या प्रश्नावर ‘खेळलो’ एवढेच उत्तर आले की पालकांना दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो.

शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे खेळावर आधारलेली बालसंस्था काढली. १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. बाळाला खेळवण्याच्या गाण्यांचा संग्रहही त्यांनी १८४४ मध्ये खास मातांसाठी छापला. म्हणजे पालकांना सोबत घेण्याची कल्पना बालवाडीइतकीच जुनी आहे.

व्याख्यानाने पालकांचे मत सहसा बदलत नाही; मुलाचा खेळ जवळून पाहिला की बदलते. चार वर्षांची मुलगी उंच पेल्यातले पाणी पसरट वाडग्यात ओतते, ‘कमी झालं’ म्हणते, पुन्हा पेल्यात ओतते आणि चक्रावते. आकार बदलला तरी पाणी तेवढेच राहते, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवले. ती मुलगी त्याच वाटेवर आहे. शिक्षिकेने हा प्रसंग दोन ओळींत टिपून पालकांना दाखवला, की ‘नुसतं पाण्यात खेळते’ ही तक्रार बरीच निवळते. लुटुपुटीच्या खेळाचेही तसेच. दुकानदार झालेले मूल समोरचा खाऊ तोंडात न टाकता विकते, कारण दुकानदार माल खात नाही. खेळातला असा स्वखुशीने पाळलेला नियम रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांना फार महत्त्वाचा वाटे.

‘आमचा कुणात मिसळतच नाही’ ही दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांची नेहमीची काळजी. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये खेळातील सहभागाचे प्रकार मांडले, त्यात शेजारी बसून आपापले खेळणे हाही एक प्रकार आहे. या वयात तो अगदी स्वाभाविक.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये डॉक्टरांना सुचवले, की तपासणीच्या वेळी खेळ ‘लिहून द्यावा’. सल्ला चांगलाच, पण उत्साही पालकांच्या हाती खेळाचा तास होतो. मूल ठोकळे रचत असताना ‘हा कोणता रंग? किती झाले?’ अशी सरबत्ती सुरू झाली, की ते उठून जाते. जवळ बसावे, बोलावले तर सामील व्हावे, इतपत पुरते. ‘शैक्षणिक’ असा शिक्का असलेली महागडी खेळणी तर बहुधा पालकांच्या समाधानासाठीच असतात.

प्रबोधन करणारेही कधीकधी वाहवत जातात. लुटुपुटीच्या खेळाने बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढते, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही, असे मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांना २०१३ च्या संशोधन-आढाव्यात आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ असा कोणताही फायदा मोजत नाही. विश्रांती आणि फुरसतीबरोबर खेळही ते मुलाचा हक्क मानते.