फोटोतली डान्स फ्लाय ओळखायची कशी? आधी डोकं बघा, रंग नंतर

डान्स फ्लाय म्हणजे एम्पिडिडी कुळातल्या, थव्याने नाचल्यासारख्या उडणाऱ्या छोट्या शिकारी माश्या. एकाने दुसऱ्याला धरलंय, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि ही सगळी वरात फांदीला लोंबकळतेय असा फोटो मिळाला तर अर्धं काम झालं समजा. वर पुढच्या पायांनी फांदी धरून लटकलाय तो नर, त्याने धरलेली मादी, आणि मादीच्या पायांत जी मेलेली माशी आहे ते नराने आणलेलं गिफ्ट. ती खात बसते तेवढ्यात मीलन उरकतं. एम्पिस या डान्स फ्लायच्या एका वंशातल्या बऱ्याच जातींच्या माद्या स्वतः शिकार करतच नाहीत, प्रोटीन पाहिजे तर नराकडून आणि बाकी पोट मकरंदावर, त्यामुळे शिकारी म्हणवणारी माशी फुलात तोंड खुपसून बसलेली दिसली तर गोंधळून जाऊ नका.

पण असे फोटो कधीतरीच मिळतात, एरवी एकटीच माशी पानावर बसलेली असते. तेव्हा सगळ्यात आधी डोकं बघायचं. लहान, गोल, बारीक मानेवर टेकवलेलं, मागे छातीचा उंच फुगवटा आणि तोंडातून शिलाई मशीनच्या सुईसारखी सरळ खाली गेलेली सोंड. हे साइडने काढलेल्या फोटोत चटकन दिसतं, वरून काढलेल्यात काहीच कळत नाही, आणि लोक नेमका वरूनच फोटो काढतात.

सगळ्यात जास्त गल्लत रॉबर फ्लाय या दुसऱ्या एका शिकारी माशीशी होते, कारण तीही शिकार तोंडात धरून बसते. तिचं तोंड समोरून बघा, दोन डोळ्यांच्या मधे डोक्यावर खड्डा असतो आणि तोंडावर दाट केसांची मिशी. डान्स फ्लायला असा खड्डा नाही आणि अशी मिशीही नाही. सोंडेमुळे कोणाला डासही वाटतो, पण डासाच्या डोक्यावरच्या शृंगिका (अँटेना) लांब आणि पुष्कळ पेरांच्या असतात, हिच्या आखूड. चमचमती हिरवी, लांब पायांची माशी असेल तर ती बहुतेक डोलिकोपोडिडी कुळातली, म्हणजे नातेवाईक, पण वेगळी.

आता वंश, म्हणजे एम्पिस, हिलारा की ऱ्हॅम्फोमायिया. इथे पंखाच्या टोकाकडचा भाग शार्प आला पाहिजे, नाहीतर सोडून द्या. टोकाकडे जाणारी एक शीर एम्पिस आणि हिलारामधे शेवटी दोन फाट्यांत फुटते, ऱ्हॅम्फोमायियामधे ती न फुटता तशीच कडेपर्यंत जाते. फोटो झूम करून एवढी एकच गोष्ट बघितली तरी मोठा प्रश्न सुटतो. एम्पिस की हिलारा हे मग सोंडेवरून, हिलाराची बरीच आखूड असते, आणि हिलाराच्या नराच्या पुढच्या पायांचं एक पेर चांगलंच सुजल्यासारखं जाड असतं. त्यात रेशमाच्या ग्रंथी असतात, त्या रेशमात तो गिफ्ट गुंडाळतो. हिलारा सार्टर या जातीचा नर तर आत शिकार न ठेवता नुसतं रेशीमच घेऊन फिरतो. (मादीला ते चालतं, हे मला अजून पटलेलं नाही.)

नर-मादी ओळखायला डोळे बघा. एम्पिस आणि ऱ्हॅम्फोमायियाच्या बऱ्याच नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात आणि माद्यांचे एकमेकांपासून लांब, पण हिलारामधे दोघांचेही असे लांबच. उत्तर अमेरिकेतल्या ऱ्हॅम्फोमायिया लाँगिकॉडा या जातीत मीलनासाठी जमणारा थवा माद्यांचा असतो. त्यांच्या पायांवर खवल्यांची झालर असते, शिवाय त्या हवा गिळून पोट फुगवतात आणि पाय पोटाशी घेतात म्हणजे खालून बघणाऱ्या, गिफ्ट घेऊन आलेल्या नराला त्या मोठ्या, अंड्यांनी भरलेल्या वाटाव्यात. अशा मादीचा उडतानाचा फोटो बघून ही कुठली लठ्ठ माशी असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

जातीपर्यंत मात्र फोटोवरून क्वचितच पोचता येतं. युरोपात सर्रास दिसणारी मोठी एम्पिस टेसेलाटा लोक बिनधास्त नाव लावून मोकळे होतात, पण एम्पिस ओपाका आणि एम्पिस लिविडा तिच्याशी सहज गल्लत होईल अशा आहेत. खरा फरक बऱ्याचदा नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकात, जननेंद्रियांच्या आकारात असतो आणि तो मायक्रोस्कोपखालीच दिसतो. म्हणून एक फोटो साइडने, एक पंखाचा, एक समोरून तोंडाचा आणि नर असेल तर त्या शेपटीकडच्या टोकाचा जवळून घ्या, आणि तरीही जमलं नाही तर एम्पिस एवढंच लिहून पुढे जा.