वीस अंशांचे दोन क्लब: ड्रायव्हिंग आयर्न की हायब्रिड?

गोल्फचे दोन क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, शेजारी ठेवा: एक ड्रायव्हिंग आयर्न आणि एक हायब्रिड. दोन्हींचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) मागे झुकलेला कोन, २० अंश. एकाच खेळाडूने दोन्हींनी फेसच्या मधोमध चेंडू मारला, तरी हायब्रिडचा चेंडू जास्त उंच जातो आणि खाली येतानाही जास्त सरळ उतरतो. लॉफ्ट सारखाच, मग फरक कुठून आला?

तो हेडच्या, म्हणजे क्लबच्या खालच्या जड टोकाच्या, आत लपलेला असतो. ड्रायव्हिंग आयर्न बाहेरून लांब (कमी नंबराच्या, कमी लॉफ्टच्या) आयर्नसारखंच दिसतं, फक्त तळ जरा जाड. आतून मात्र बहुतेकदा ते पोकळ असतं: पुढे पातळ, चिवट पोलादाचा फेस, आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये तळाशी टंगस्टनचं वजन. हायब्रिडचं हेड छोट्या फेअरवे वुडसारखं (लांब फटक्यांचा मोठ्या हेडचा क्लब) मागे फुगलेलं असतं. त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य फेसपासून बराच मागे सरकतो. स्विंग खाली येताना अपकेंद्री बल हा गुरुत्वमध्य शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, रेषेत ओढू पाहतं. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकं शाफ्टचं खालचं टोक पुढे वाकतं आणि फेस वर कलतो. कागदावर २० अंश असलेला लॉफ्ट चेंडूपर्यंत पोचताना वाढलेला असतो. शिवाय हायब्रिडचा शाफ्ट त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा साधारण अर्धा ते एक इंच लांब आणि सहसा ग्रॅफाइटचा, म्हणजे हलका असतो. हेडचा वेग थोडा वाढतो तो त्यामुळे.

आता हवेत काय होतं ते पाहू. मागे फिरणाऱ्या चेंडूवर मॅग्नस परिणामामुळे वर उचलणारं बल लागतं. हे बल स्पिनवर, म्हणजे चेंडूच्या फिरण्यावर, अवलंबून असतंच, पण वेग कमी झाला की ते फार झपाट्याने घटतं. निवडीचा सगळा गुंता इथे सुटतो. पीजीए टूर या अमेरिकेतल्या स्पर्धामालिकेतले व्यावसायिक ३ आयर्न ताशी सुमारे ९८ मैल वेगाने फिरवतात. त्यांचा चेंडू जमिनीशी सुमारे ४६ अंशांचा कोन करून उतरतो, हायब्रिडचा सुमारे ४७ अंशांचा. म्हणजे उतरण्याच्या कोनात त्यांच्यासाठी दोन क्लबांत जवळजवळ फरकच नाही. वीकेंडला खेळणाऱ्या माणसाचं ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) ताशी ९० मैलांनी फिरत असेल, तर त्याचं लांब आयर्न ८० मैलांच्या आसपास येतं. या वेगाला २० अंशांच्या आयर्नच्या चेंडूला हवेत तरंगायलाच पुरेसं बल मिळत नाही. तो खाली पडतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक गवतावर, पडला तरी पलीकडे निघून जातो. टीव्हीवर पाहून ड्रायव्हिंग आयर्न विकत घेणाऱ्यांची निराशा होते ती याच कारणाने. त्यांच्या स्विंगमध्ये खोट नसते, वेग कमी पडतो.

यावर एक सोपी कसोटी आहे. तुमचं ४ आयर्न ५ आयर्नपेक्षा निदान १० यार्ड जास्त कॅरी देतं का? (कॅरी म्हणजे चेंडू हवेतून कापतो ते अंतर, घरंगळणं सोडून.) देत नसेल तर लॉफ्ट कमी करून अंतर वाढण्याची मर्यादा तुम्ही गाठली आहे. त्याहून कमी लॉफ्टचं ड्रायव्हिंग आयर्न तुम्हाला जास्त लांब नेणार नाही. ड्रायव्हरचा वेग ताशी ९५ मैलांच्या खाली असेल तर हायब्रिड घ्यावं, १०५ च्या वर असेल तर दोन्ही पर्याय खुले, हा आमचा ढोबळ हिशेब. मधल्या पट्ट्यात मोजूनच ठरवावं लागतं.

वेग पुरेसा असेल तर निर्णय मैदान देतं. २००६ ची ओपन स्पर्धा इंग्लंडमध्ये हॉयलेकच्या रॉयल लिव्हरपूलवर झाली. उन्हाने गवत करपून जमीन दगडासारखी कडक झाली होती. टायगर वूड्सने ७२ होलांत ड्रायव्हर फक्त एकदा बाहेर काढलं. टीवरून, म्हणजे होलाच्या पहिल्या फटक्याला, त्याचा भर लांब आयर्नवर आणि ३ वुडवर होता. खालून गेलेला चेंडू घरंगळत लांब जायचा आणि फेअरवेवरच्या (टी ते ग्रीन कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरच्या) बंकरांच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, अलीकडे थांबायचा. स्पर्धा त्यानेच जिंकली. तीन वर्षांनी, २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये अमेरिकेत हेझल्टाइनच्या अठराव्या होलवर त्याच वूड्सच्या पुढे फक्त एका फटक्याने असलेल्या कोरियाच्या वाय. ई. यांगने दोनशेहून थोड्या जास्त यार्डांवरून ३ हायब्रिड मारलं. चेंडू झाडावरून उंच गेला आणि ग्रीनवर झेंड्याजवळ थांबला. बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) झाली, आणि यांग मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा पहिला आशियाई पुरुष ठरला. पहिल्या ठिकाणी घरंगळणारा चेंडू हवा होता, दुसऱ्या ठिकाणी थांबणारा.

आपल्याकडे हेच दोन प्रसंग एकाच मैदानावर ऋतू बदलला की येतात. पावसाळ्यात मुंबई-पुण्याचे फेअरवे भिजलेले असतात, चेंडू पडतो तिथेच रुततो. घरंगळणं हीच ज्याची कमाई, त्या ड्रायव्हिंग आयर्नचं तेव्हा काही चालत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या जमिनीवर तेच आयर्न मोठा नफा देतं. पुण्याच्या खेळाडूंनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर हवा पाच-सहा टक्के विरळ असते. चेंडूला विरोध कमी होतो, पण उचलणारं बलही कमी होतं. कमी स्पिनचा आयर्नचा चेंडू तिथे आणखी खालूनच जातो.

वाऱ्याचं म्हणाल, तर समोरच्या वाऱ्यात ड्रायव्हिंग आयर्न खरोखर उपयोगी आहे. चेंडूला लागणारी हवा वाढते, म्हणून उचलणारं बलही वाढतं आणि जास्त स्पिनचा चेंडू फुग्यासारखा वर चढून जागीच पडतो. शिवाय वारा जमिनीजवळ कमी आणि वर जास्त असतो. ड्रायव्हिंग आयर्नचा कमी स्पिनचा, खालून जाणारा चेंडू या दोन्हींतून सुटतो.

हायब्रिडबद्दल उजव्या हाताच्या खेळाडूंची नेहमीची तक्रार अशी: चेंडू डावीकडे वळतो. दोष बहुतेक वेळा लायला, म्हणजे शाफ्टच्या उभेपणाला, दिला जातो. हिशेब करून पाहा. लाय २ अंश जास्त उभा असेल, तर २० अंश लॉफ्टच्या फेसची दिशा पाऊण अंशाहूनही कमी डावीकडे जाते. २०० यार्डांवर हे अडीच यार्ड होतात. त्याने चेंडू झाडीत जात नाही. खरी कारणं वेगळी. बऱ्याच हायब्रिडमध्ये गुरुत्वमध्य मुद्दाम हीलच्या, म्हणजे शाफ्टकडच्या, बाजूला ठेवतात, म्हणजे फेस लवकर बंद होतो. दुसरं, शाफ्ट तुमच्या आयर्नच्या मानाने फारच हलका असतो. आयर्नला १२० ग्रॅमचा स्टील शाफ्ट आणि हायब्रिडला ६० ग्रॅमचा ग्रॅफाइट असेल, तर हाताला लय सापडत नाही. हायब्रिडला ८० ते ९० ग्रॅमचा शाफ्ट बसवला की अनेकांचा हा त्रास बराच कमी होतो.

फेसच्या मधून न लागलेल्या फटक्यांत हायब्रिड माफक दया दाखवतं. मागे असलेल्या वजनामुळे टोला लागल्यावर हेड सहज फिरत नाही आणि वेग कमी घटतो. हायब्रिडच्या फेसला आडवी गोलाई असते. टोवर, म्हणजे फेसच्या शाफ्टपासून दूरच्या टोकावर, लागलेला चेंडू आधी उजवीकडे निघतो आणि मग त्याला मिळालेल्या आडव्या स्पिनने परत आत वळतो. आयर्नचा फेस सपाट आणि गुरुत्वमध्य फेसजवळ, म्हणून असं परत येणं नगण्य. टोवरचा फटका आखूड पडतो. दाट रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या उंच गवतात, हायब्रिडचा गोल तळ गवतावरून सरकतो, पण लांब आयर्नच्या होझलला (हेड आणि शाफ्टच्या जोडाला) गवताचा वेढा पडून फेस बंद होतो. कडक वाळूच्या फेअरवे बंकरमध्ये मात्र तोच रुंद तळ उसळतो आणि चेंडूला फेसची खालची कड लागते. तिथे आयर्न सरस.

चाचणी करताना तीन चुका टाळा. सरावाच्या रेंजवरच्या चेंडूंनी अंतर मोजू नका, स्वतःचे न्या. फक्त मॅटवरून निष्कर्ष काढू नका: चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला क्लब मॅटवरून सरकून जातो आणि वाईट फटका चांगला दिसतो. आणि सर्वांत लांब गेलेला चेंडू लक्षात ठेवू नका. प्रत्येक क्लबने १० चेंडू मारा, लाँच मॉनिटरवर (चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) कॅरी, उतरण्याचा कोन आणि डावी-उजवी पसरण लिहून घ्या. ग्रीनवर थांबवायचं असेल तर ४० अंशांहून कमी कोन पुरत नाही, ४५ च्या आसपास असावा. फक्त टीवरून वापरणार असाल तर कोन विसरा, पसरण बघा.

नंबरावर जाऊ नका. ३ हायब्रिड हे ३ आयर्नच्या जागी चालेलच असं नाही. बहुधा ते जास्त लांब जातं, आणि तुमच्या ५ वुडशी त्याचं अंतर जुळून बसलं तर १४ क्लबांच्या मर्यादेत एक जागा वाया जाते. शेजारच्या क्लबांमध्ये १० ते १५ यार्डांचा फरक पडला पाहिजे.

शेवटी मारण्याबद्दल एक गोष्ट. हायब्रिड दिसतं वुडसारखं, म्हणून लोक ते जमिनीवरून झाडूसारखं फिरवतात आणि चेंडूच्या वरच्या भागावर फटका बसतो. व्यावसायिकांचं हायब्रिड खाली येताना चेंडूला लागतं, तीन-साडेतीन अंश उतरत, ३ आयर्नसारखंच. चेंडू डाव्या टाचेच्या आत साधारण दोन चेंडूंच्या अंतरावर ठेवा, आधी चेंडू आणि मग गवत. टीवर ठेवत असाल तर दोन्ही क्लबांसाठी टी जमिनीच्या वर अर्धा सेंटिमीटर पुरते.