प्रमाणशीर परतावा

आगाऊ भरलेल्या वर्गणीची मुदत संपण्यापूर्वी सेवा बंद केल्यास, न वापरलेल्या दिवसांच्या हिशेबाने परत मिळणारी रक्कम. भरलेल्या रकमेला मुदतीतील एकूण दिवसांनी भागून उरलेल्या दिवसांनी गुणले असता ती निघते. ३० दिवसांचे ३०० रुपये भरून बाराव्या दिवसाअखेर सेवा सोडल्यास १८० रुपये परत येतात. महिना प्रत्यक्ष दिवसांचा धरावा की सरसकट ३० दिवसांचा, आणि सेवा सोडल्याचा दिवस कोणाच्या खात्यावर टाकावा, हे करारात नमूद नसल्यास तंटा बहुधा येथूनच उद्भवतो.

या तत्त्वाचे मूळ विमाव्यवहारापेक्षा भाडेविषयक कायद्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडच्या कॉमन लॉनुसार, म्हणजे न्यायालयीन निर्णयांतून घडलेल्या कायद्यानुसार, भाडे दिवसागणिक साचत नसे. देय दिवसापूर्वी पट्टा संपुष्टात आला, तर मधल्या काळाचे भाडे बुडे. ही स्थिती अठराव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि १८७० च्या अधिनियमाने भाडे, वर्षासने यांसारख्या नियतकालिक रकमा दिवसागणिक उपार्जित होतात, असे ठरवले. भारतातील मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३६ मध्ये हेच तत्त्व आढळते. मात्र ते हस्तांतरण करणारा व घेणारा यांच्यापुरते असून करार किंवा स्थानिक रूढी विरुद्ध असल्यास लागू होत नाही. आगाऊ देय भाड्याला १८७० चा अधिनियम लागू नाही, असा निर्णय इंग्लिश न्यायालयाने १९०० मध्ये एलिस विरुद्ध रोबॉथम या खटल्यात दिला. आगाऊ वर्गणीचा परतावा आजही मुख्यतः करारातील अटींवर अवलंबून राहतो, याचा उलगडा या भेदातून होतो.

वार्षिक वर्गणीत सवलत असल्यास हिशेब बदलतो. मासिक दर १५० व वार्षिक १,२०० रुपये असताना पाच महिन्यांनी सेवा सोडल्यास सरळ प्रमाणाने ७०० रुपये मिळतील. वापरलेले महिने मासिक दराने आकारल्यास ४५० रुपयेच उरतील. दुसरी रीत अन्याय्य म्हणता येत नाही, परंतु ती वर्गणी घेतानाच सांगितलेली असावी.

खानदेशात दूध व वर्तमानपत्र यांचा हिशेब सामान्यतः महिनाअखेर खाडे वजा जाता होतो, त्यामुळे परताव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पैसे बहुधा आगाऊ घेतले जातात. तेथे खाडा धरण्यासाठी पूर्वसूचनेची अट असते आणि वजावट रोखीने न होता पुढील महिन्यात वळती होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वर्गणी रद्द करणे अवघड करून ठेवण्याच्या प्रकाराला फसव्या रचनांमध्ये (डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी ऑनलाइन मांडणी) गणले आहे. परताव्याचे सूत्र मात्र त्यांत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले, तरी नंदुरबारच्या ग्राहकाला सेवेतील त्रुटीची तक्रार नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येते. करारच अनुचित असल्याची तक्रार मात्र राज्य आयोगाच्या अधिकारकक्षेत येते.