दुर्घटनेतून नफ्याचा संशय

कारखान्यातील स्फोट, वायुगळती किंवा आग यांत माणसे मरतात आणि त्याच घटनेवर एखादी बँक, गुंतवणूकसंस्था किंवा सटोडिया पैसा कमावतो, अशी लोकांत रुजलेली शंका. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाल्ल्याचा हा आरोप दोन प्रकारचा असतो. दुर्घटना होणार हे आधीच ठाऊक होते, हा एक. ती झाल्यावर तिचा फायदा उठवला, हा दुसरा. पहिला सहसा सिद्ध होत नाही. दुसरा प्रकार बहुधा उघडपणे, कायद्यात बसवून चालतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष कमी जाते.

पहिल्या प्रकाराचे गाजलेले उदाहरण मेक्सिकोच्या आखातातील. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार दगावले. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, ही तेलविहीर ज्या कंपनीची होती त्या बीपीचे सुमारे ४७ लाख शेअर, म्हणजे आपल्याकडच्या साठ्यापैकी सुमारे ४४ टक्के, विकल्याचे नंतर दिसून आले. हॅलिबर्टन ही कंपनी या विहिरीचे सिमेंटकाम करत होती. तिने ९ एप्रिलला, स्फोटाच्या ११ दिवस आधी, विहिरींच्या आगी विझवणारी बूट्स अँड कूट्स ही कंपनी घेण्याचा करार जाहीर केला होता. तारखा शेजारी मांडल्या की कट दिसू लागतो. पण तिमाही विवरणात ग्राहकांच्या वतीने सांभाळलेले शेअरही धरलेले असतात, आणि त्याच काळात इतर बड्या संस्थांनीही बीपीचे शेअर विकले होते.

दुसरा प्रकार भोपाळने दाखवला. २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर त्या कारखान्यामागच्या युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचा शेअर कोसळला. तो स्वस्तात गोळा करून अमेरिकेतील जीएएफ कॉर्पोरेशनने १९८५ मध्ये कंपनीच ताब्यात घेण्याचा डाव टाकला. कार्बाइडने तो परतवला, पण त्यासाठी प्रचंड कर्ज काढून स्वतःचे शेअर चढ्या भावाने परत घेतले आणि बॅटरीसारखे नफ्यातले धंदे विकले. हरलेल्या जीएएफला स्वस्तात घेतलेल्या शेअरवर कोट्यवधी डॉलरचा नफा झाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड जाहीर होताच न्यूयॉर्कच्या बाजारात कार्बाइडचा शेअर वधारला. यात गुपित असे काहीच नव्हते. सगळे वर्तमानपत्रांत छापून येत होते.

खानदेशात हा संशय वेगळ्या वाटेने जातो. जैन इरिगेशनसारखे अपवाद सोडले, तर इथले बहुतेक कारखाने खासगी, भागीदारीतले किंवा सहकारी: जळगाव एमआयडीसीतील चटई-पाइपचे, दालमिली, गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या गिरण्या. त्यांचे शेअर बाजारात नसतात, तेव्हा ते आधी विकून मोकळे होण्याचा प्रश्नच येत नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन डझनाहून अधिक लोक दगावले. अशा घटनेनंतर शेअरच्या भावाची चौकशी इथे कोणी करत नाही.

इथे बोट दाखवले जाते ते विमा आणि कर्जाकडे. कापसाची गंजी पेटली की ‘लागली की लावली?’ हा प्रश्न पारावर पोहोचायला वेळ लागत नाही. वास्तविक कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासून ठिणगी पडते, शॉर्टसर्किटही होते. सरकी आणि रुई भडकायला एवढे पुरते. माल बँकेकडे तारण असेल तर विम्याच्या पॉलिसीत बँकेचे नाव असते आणि दाव्याची रक्कम आधी कर्जाकडे वळते. म्हणजे आग लागल्यावर सर्वांत सुरक्षित असते ती बँक. हमालाला या पॉलिसीतून काही मिळत नाही. त्याचा हक्क कामगार भरपाईच्या कायद्याकडे (नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता) किंवा ईएसआय या कामगार विमा योजनेकडे जातो. माझ्या मते खरा सवाल इथेच आहे. पण चर्चा मात्र मालकाने काडी लावली का, याभोवतीच फिरत राहते.

कंपनीच्या अंतर्गत माहितीवर शेअर व्यवहार करण्यास शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे २०१५ चे नियम मनाई करतात; त्याआधी १९९२ चे नियम होते. ते शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरते असल्याने जिनिंगपर्यंत पोहोचत नाहीत. तिथे निकाल लागतो तो नुकसानीची पाहणी करणाऱ्या विमा सर्व्हेअरच्या अहवालावर: साठ्याची नोंदवही, बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट, विजेचे बिल आणि विम्याची रक्कम शेवटची कधी वाढवली ती तारीख. ही तारीख आगीच्या जवळची निघाली की संशय बळावतो. पण दिवाळीनंतर कापसाची आवक वाढते तसा मालकाला विमाही वाढवावाच लागतो, आणि गंज्या पेटतात त्याही याच हंगामात.