युरोपीय संघाशी भांडण आणि संघातून बाहेर पडणे

ब्रिटनने 2016 च्या सार्वमतात संघ सोडण्याचा कौल दिला, ते प्रकरण वाचकांना पाठ आहे. मला खटकते ते पुढचे. वॉर्सा, प्राग किंवा बुडापेस्टमधल्या, म्हणजे पोलंड, चेक प्रजासत्ताक किंवा हंगेरीच्या राजधानीतल्या, नेत्याने सार्वभौमत्वाचा विषय काढला की ‘आता हेही बाहेर पडणार’ असे भाकीत आपल्याकडे हमखास केले जाते.

ब्रिटिश नेत्यांच्या लेखी संघ ही स्वतंत्र संसदेवर आलेली मर्यादा होती. हंगेरीने 1956 मध्ये आणि चेकोस्लोव्हाकियाने 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे पाहिले होते. त्यामुळे 1989 नंतर तिथल्या राज्यकर्त्या वर्गाला संघाचे सदस्यत्व हे मॉस्कोपासून मिळवलेले स्वातंत्र्य पक्के करण्याचे साधन वाटले. पुढचे सगळे वाद या पायावर उभे आहेत, आणि तो दुर्लक्षून केलेले विश्लेषण मी गंभीरपणे घेत नाही.

चेक नेते व्हाक्लाव क्लाउस यांचेच पाहा. पंतप्रधान या नात्याने 1996 मध्ये सदस्यत्वाचा अर्ज त्यांच्याच सरकारने दिला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांनी प्रागच्या किल्ल्यावर संघाचा ध्वज लागू दिला नाही, आणि संघाच्या कारभाराची नवी चौकट ठरवणाऱ्या लिस्बन करारावर सर्व सदस्य देशांत शेवटची सही, 3 नोव्हेंबर 2009 रोजी, त्यांचीच झाली. तीही संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेतून सवलतीचे आश्वासन पदरात पाडून घेतल्यावर. अर्ज देताना आणि सही अडवताना त्यांचा प्रश्न एकच होता: संघाने किती अधिकार घ्यावेत?

शिवाय या मंडळींचे मुख्य हत्यार, म्हणजे नकाराधिकार, संघात राहूनच वापरता येते. 2020 च्या अखेरीस हंगेरी व पोलंडने सात वर्षांचा अर्थसंकल्प आणि कोरोनाच्या फटक्यातून सावरण्यासाठीचा 750 अब्ज युरोंचा पुनरुत्थान निधी रोखून धरला, कारण निधीला कायद्याच्या राज्याची अट जोडली जात होती. डिसेंबरात तडजोड झाली. बाहेर पडलेल्या देशाला अशी अडवणूक करता येत नाही आणि त्या निधीतला वाटाही मिळत नाही.

 

खरा कठीण प्रश्न न्यायालयांचा आहे. पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये संघाच्या कराराची काही कलमे पोलिश राज्यघटनेशी विसंगत ठरवली. संघ सोडायचा नाही, असे तेव्हाचे सरकार सांगत राहिले. मात्र सामाईक कायद्याचा अंतिम अर्थ प्रत्येक राजधानीने आपापला लावला तर संघ चालणार कसा, याचे समाधानकारक उत्तर त्या सरकारने दिले नाही.